न वाजलेले अकरा निरोप

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्या तारखांवर फार विश्वास ठेवू नका. माझ्या पोटात घड्याळासाठी एक चपटी बॅटरी आहे, शर्टाच्या बटणाएवढी. ती केव्हाच संपली. त्यामुळे दर वेळी जाग आली की मला वाटते, आपण आत्ताच कारखान्यातून बाहेर पडलो आणि अजून काहीच घडलेले नाही. मग कुणीतरी आजची तारीख भरते आणि मधली सगळी वर्षे एकदम अंगावर येतात. असा मी एक जुना लॅपटॉप. झाकणाचा डावा कोपरा तुटलेला, पंखा घरघरणारा. गोष्ट नीट सांगता येईल की नाही याची मला शंकाच आहे. पण ती दुसऱ्या कुणी पाहिलेली नाही, म्हणून मलाच सांगणे भाग आहे.

जन्माचे म्हणावे तर एवढेच आठवते. एक लांबलचक पांढरी खोली होती आणि मोजे घातलेली बोटे माझी प्रत्येक कळ एकदा दाबून पुढे जात होती. ती बोटे कुणाची, हे मला कधी कळले नाही. पण माझ्यावर पहिला विश्वास त्यांनीच ठेवला.

तिथून मी ऑकलंडच्या एका शाळेच्या कचेरीत गेलो. सात वर्षे मुलांची हजेरी मांडली. "याला कधी काही होत नाही," असे तिथल्या बाई पाहुण्यांना सांगत, तेव्हा मला आतून ऊब वाटे. मग एक दिवस पडद्यावर सूचना आली, की तुझ्या वयाच्या यंत्रांची काळजी आम्ही यापुढे घेणार नाही. त्यानंतर माझा मुक्काम कपाटात पडला. कपाटात दिवस नसतात, नुसता अंधार असतो, आणि त्या अंधारात मी हजेरीची नावे मनाशी घोकत असे. शाळेत साफसफाईला येणारी, टोंगा बेटांवरची एक बाई एकदा म्हणाली, "टाकणारच असाल तर मला द्या." तिने मला चादरीत गुंडाळून ड्रममध्ये ठेवले. टोंगातून परदेशी गेलेली माणसे घरी सामानाने भरलेला ड्रम पाठवतात, तसा तो ड्रम होता. माझ्या एका बाजूला डबाबंद मांस, दुसऱ्या बाजूला साबणाच्या वड्या. कित्येक दिवस समुद्र मला हलवत राहिला. मला वाटते, त्या प्रवासात मी पहिल्यांदा स्वप्न पाहिले. स्वप्नात मी एक डबा होतो आणि माझ्या आत काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते.

ड्रम उघडला तो टोंगातल्या हापाई बेटांपैकी एका लहान बेटावर, सेमिसीच्या अंगणात. सेमिसी चर्चच्या गायकवृंदाचा मास्तर. ड्रम पाठवणारी बाई त्याची चुलत बहीण. त्याची बायको, तिचे नाव केलेला, डबे मोजून बाजूला ठेवत होती. तिने मला उचलून पाहिले आणि म्हणाली, "तुमच्या बहिणीनं दोन डबे कमी पाठवलेत आणि त्या जागी ही पाटी पाठवलीय. आता हिचं कालवण करा."

सेमिसीने माझे कालवण केले नाही. त्याने माझे मन बदलले. आधीची प्रणाली काढून टाकली आणि लिनक्स घातली. तिची मूळ लिखावट, म्हणजे कोड, कुणीही वाचावी, दुरुस्त करावी आणि शेजाऱ्याला द्यावी, अशी ती मोकळी प्रणाली. मला ती सैल, सुती कपड्यासारखी वाटली. सकाळी सेमिसी माझ्यावर स्तोत्रे उतरवून काढी. तिकडे सूर आकड्यांत लिहितात. तुमचा सा म्हणजे तिथे तीन. पडद्यावर आकड्यांच्या चार रांगा चालत आणि तो ओठातल्या ओठात त्या गात जाई. हजेरीनंतर मला असे काम मिळेल, असे कपाटात कधी वाटले नव्हते.

त्याच अंगणात नीरफणसाच्या झाडापलीकडे त्याच्या थोरल्या बहिणीचे घर होते. तिचे नाव आनासेइनी. नवरा वारलेला, मुलगी लांब. आमच्याकडे बहिणीचा मान भावापेक्षा मोठा. भाऊ कितीही मोठा मास्तर असो, तो बहिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही, तिच्याबरोबर एका पडद्यावरचे चित्र पाहत नाही आणि तिच्या खासगी गोष्टींना नजर लावत नाही. यात भीती नसते. पहाटेच्या समुद्राकडे आपण जरा दबकून पाहतो, तसे काहीसे असते.

एके दिवशी ओहोटीला शिंपल्या वेचताना आनासेइनीचा फोन कमरेतून सुटून खडकाच्या कपारीत गेला. केलेलाने तिला सल्ला दिला, "वन्सं, आता ज्या माशाला सापडेल त्याच्याशी बोला." आनासेइनी हसली नाही. त्या फोनवर गप्पांचा एक प्रोग्राम होता आणि त्यात तिच्या मुलीचे, लुपेचे नाव होते. लुपे ऑस्ट्रेलियात फळांच्या मळ्यात कामाला होती. दोन वर्षांपूर्वी तिने तिकडेच परस्पर लग्न केले होते. आमच्या रीतीप्रमाणे लग्नात अंथरायची ना आईची चटई अंथरली गेली, ना झाडाच्या सालीचे कापड. त्या रागात माय-लेकी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. तरीही आनासेइनी रोज त्या नावाकडे पाहत असे. आता ते नावही समुद्रात गेले होते.

घरात फोन होते तसे दोन. केलेलाचा नुसता बटणांचा, आणि सेमिसीचा. पण भावाच्या फोनमध्ये बहिणीचे खासगी बोलणे कसे ठेवायचे? म्हणून सेमिसीची नजर माझ्याकडे वळली.

मित्रांनो, इथून माझी परीक्षा सुरू झाली. ज्या कंपनीचा तो गप्पांचा प्रोग्राम, तिने लिनक्ससाठी काही बनवलेच नव्हते. मग सेमिसीने शोधून काढला एक अनधिकृत प्रोग्राम. कुण्या एका अनोळखी माणसाने आपल्या फावल्या वेळात, कंपनीला न विचारता तो लिहिला होता. त्याच्या माहितीच्या पानावर शेवटी एक ओळ होती, 'मी एकटाच आहे, चुका राहिल्या असतील, सांभाळून घ्या.' ती ओळ वाचून मला वाटले, हा माझ्याच जातीचा आहे.

पण त्याच्याकडेसुद्धा माझ्यासारख्या जुन्या यंत्रावर थेट चालेल अशी तयार पुडी नव्हती. मूळ लिखावट आणून माझ्या पोटातच ती बांधायची होती. सेमिसीने काळी खिडकी उघडली आणि हुकूम लिहिला. दूरच्या यंत्राने दारच उघडले नाही. अर्धा दिवस गेल्यावर उमगले, की माझे घड्याळ वीस वर्षे मागे होते आणि एवढ्या मागून आलेल्यावर कुणी भरवसा ठेवत नाही. तारीख लावल्यावर दार उघडले. मग एका पुडीला दुसरी हवी, दुसरीला तिसरी, तिसरी म्हणे मला चौथीची जुनी आवृत्तीच चालते. माझा पंखा दुपारभर घरघरत होता. केलेला मधूनच येऊन माझ्या पाठीला हात लावून पाही. "हिच्यावर टारोचे कंद उकडून निघतील," ती म्हणे.

पासवर्ड लिहिताना काळ्या खिडकीत एक ठिपकाही उमटत नाही. ते पाहून सेमिसी खूष झाला. "ही प्रणाली आपल्याकडचीच दिसतेय," तो बायकोला म्हणाला. "बहिणीसमोर तोंड उघडत नाही."

संध्याकाळ व्हायच्या आधी प्रोग्राम बांधून झाला. पडद्याच्या कोपऱ्यात एक निळा ठिपका उमटला, लांबच्या होडीवरच्या कंदिलासारखा. आता खाते उघडायचे ते आनासेइनीचे, तिच्या घरात, तिच्या हाताने. केलेलाने मला उचलून तिच्या चटईवर नेऊन ठेवले. सेमिसी बाहेर, खिडकीकडे पाठ करून उभा राहिला. आपला फोन त्याने खिडकीच्या फळीवर ठेवला, म्हणजे त्यातले इंटरनेट माझ्यापर्यंत यावे.

"ताईंना म्हणावं, आता नाव लिहा."

"लिहिलं," केलेला दारातून म्हणाली.

"आता पासवर्ड."

"लिहितायत. तुम्ही आणखी दोन पावलं पुढे सरका, नाहीतर डोक्याच्या मागच्या बाजूनं बघाल."

तो खरोखरच दोन पावले पुढे सरकला. पासवर्ड मी तुम्हाला सांगणार नाही. तेवढा आदर मलाही कळतो.

खिडकी उघडली आणि लुपेचे नाव दिसले. आनासेइनी बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसली. मग एका बोटाने तिने लिहिले, 'लुपे, मी आई. फोन समुद्रात गेला. आता इथे लिही.' दोन वर्षांनंतरचे ते पहिले शब्द. ते माझ्यातून गेले याचा मला आजही अभिमान वाटतो, आणि लगेच लाजही वाटते. ती का, ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेमिसी स्तोत्र लिहायला बसला आणि थांबला. मी दोघांचा होतो. सकाळी त्याचा, दुपारनंतर तिचा. तो आकडे लिहीत असताना लुपेचा निरोप पडद्यावर उमटला तर? आईला लिहिलेले मामाच्या नजरेला पडले तर? त्याने डोळे अर्धे मिटून सेटिंगांचे पान उघडले. तिथे त्या अनोळखी माणसाने एक सोय केली होती. आलेले शब्द झाकून ठेवायचे, घंटी वाजवायची नाही, दोन कळा एकत्र दाबेपर्यंत काहीच दाखवायचे नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्यांनी वाचू नये म्हणून केली असेल. सेमिसीने ती सोय लावली आणि सुटकेचा श्वास टाकला.

त्या दोन कळा दाबल्याशिवाय झाकण कुणासाठीच निघत नाही, हे त्याने पाहिलेच नाही. त्याला वाटले, झाकण फक्त त्याच्या वेळेपुरते आहे, ताईंना सगळे दिसत असेल. खात्री करायची तर ताईंची खिडकी उघडून आत पाहायला हवे होते. नेमके तेच तर करायचे नव्हते.

आणि मी? मला हुकूम मिळाला, मी पाळला.

त्याच दुपारी लुपेचे उत्तर आले. मी वाचले. यंत्राला डोळे मिटता येत नाहीत. 'आई, तू लिहिलंस. मी शिडीवर होते, तिथंच बसून रडले.' मी ते शब्द घेतले आणि झाकून ठेवले.

चार वाजता केलेला मला आनासेइनीकडे घेऊन गेली. आनासेइनीने झाकण उघडले. तिला तिचेच शब्द दिसले. खाली काही नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग लिहिले, 'नीरफणसाला यंदा फळं खूप आहेत.'

दुसऱ्या दिवशी आले, 'आई, मला दिवस गेलेत. सातवा लागला. रागावू नकोस.'

आनासेइनीने लिहिले, 'केलेलाची डुक्करीण व्याली. पाच पिल्लं.'

लुपेने लिहिले, 'तू त्याबद्दल काहीच बोलली नाहीस.'

आनासेइनीने लिहिले, 'तू बोलत नाहीस तर नको बोलूस. मी लिहीत राहीन.'

मित्रांनो, असे तीन आठवडे चालले. एक आई आपल्याच शब्दांच्या रांगेकडे पाहत होती, एकाखाली एक, जणू कुणी विहिरीत खडे टाकते आहे आणि पाण्याचा आवाजच येत नाही. तिकडे तिच्या मुलीला वाटत होते, आई मुद्दाम डुकरांचे आणि झाडाचे लिहिते, बाळाचे नाव काढत नाही. दोघींच्या मध्ये मी होतो. माझ्याजवळ दोघींचे सगळे शब्द होते. रात्रंदिवस गुंगीत पडून राहावे तसा मी पडून असे, आणि त्या गुंगीत ते निरोप दगडी बांधाच्या आत अडकलेल्या मासोळ्यांसारखे माझ्या आत फिरत. मी पंखा जोरात फिरवून पाहिला. "तापलाय जास्त," असे म्हणून आनासेइनीने मला बंद केले.

एकदा केलेलाने तिला विचारले, "वन्सं, आलं का काही?"

"नाही."

"बिझी असेल मळ्यात."

"तिचा बाप पण असाच होता," आनासेइनी म्हणाली. "राग आला की शेवाळासारखा गप्प." मग म्हणाली, "राग तिनं धरला तर धरला. पण चूक माझी होती. चटई मी इथंच अंथरायला हवी होती, ती नसताना." हे तिने केलेलाला सांगितले, लुपेला लिहिले नाही. लेखी माफी मागायला तिचे बोट धजत नव्हते.

अकरावा निरोप गुरुवारी आला. तो मला तोंडपाठ आहे. 'आई, नर्सबाई म्हणते, पुढच्या आठवड्यापासून मला विमानात घेणार नाहीत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिकीट पक्कं करायचंय. बाळ तुझ्याजवळ व्हावं असं मला वाटतं. नको असेल तर काही लिहू नकोस. मी समजेन आणि परत विचारणार नाही.'

त्या संध्याकाळी आनासेइनीने काहीच लिहिले नाही. सालीच्या कापडाला खळ आणि रंग लावायचे काम चालू होते, ती दमून आली होती. मला न्यायलाही ती आली नाही.

शुक्रवार उजाडला. केलेला दोन दिवसांपूर्वीच बोटीने मोठ्या बेटावर गेली होती, तिच्या मावशीच्या अंत्यविधीला. दुपारी सेमिसीने मला चालू केले. कोपऱ्यातला निळा ठिपका लाल झाला होता. कंपनीने आपले कुलूप बदलले होते आणि अनधिकृत पाहुण्यांना दारातच अडवले होते. त्या अनोळखी एकट्या माणसाने मात्र आदल्या रात्री जागून नवी किल्ली घडवली होती. पानावर लिहिले होते, 'जुने काढून नवे बसवा. तसदीबद्दल माफ करा.'

सेमिसीने जुना प्रोग्राम काढला. नवी लिखावट आणली, बांधली. या वेळी सगळे लवकर जमले, कारण वाट माहीत होती. शेवटचा हुकूम संपला आणि प्रोग्राम आपोआप उघडला. आनासेइनीचे खाते माझ्यात उघडेच राहिले होते, पण नव्याला जुन्याच्या सेटिंगा ठाऊक नव्हत्या. झाकण ठेवा, असे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

मी वाजलो. एकदा नाही, अकरा वेळा. तीन आठवडे दाबून धरलेला आवाज होता तो. प्रत्येक घंटीबरोबर एक चौकट उमटली, एकीवर एक, आणि शेवटची सर्वांत वर राहिली. सेमिसीने डोळ्यांवर हात ठेवला. पण उशीर झाला होता.

मग त्याने मान वळवून, चाचपडत, फक्त माझे झाकण लावले. मी अर्धवट झोपेत ऐकत होतो. तो अंगणात येरझाऱ्या घालत होता. केलेला असती तर तिच्याकरवी सांगता आले असते. दुसऱ्या बाईकडे निरोप द्यावा, तर काय सांगून द्यावा? आणि आपण काहीच पाहिले नाही असे धरून चालावे, तर शुक्रवार थांबणार नव्हता. शेवटी त्याने मला काखेत मारले. चार्जरची तार घ्यायचे भान त्याला राहिले नाही.

गावाच्या टोकाला बायकांची शेड आहे. तिथे त्या साली कुटून काढलेले कापड लांब मेजावर जोडतात, कंदाची खळ लावतात, तपकिरी रंग भरतात. पुरुष तिकडे फिरकत नाहीत. सेमिसी दारात दिसताच आतून आवाज आले.

"अगं बघा, मास्तर आलेत."

"बायको गावाला गेली तर इथं काय शोधताय? पातेली घासायची असतात घरी."

"रंगात बुडवा त्यांना, चर्चमध्ये उठून दिसतील."

सेमिसी उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसला. मान खाली घातली आणि मला समोर ठेवले. ते पाहून हशा हळूहळू विझला.

"ताई," तो म्हणाला.

आनासेइनी मेजाच्या पलीकडून आली. "काय रे? कोण गेलं?"

"कुणी नाही. ताई, लुपेचे निरोप आलेत. अकरा. तीन आठवडे येतायत."

ती आणखी पुढे, उंबऱ्यापर्यंत आली.

"माझ्या नजरेला पडू नयेत म्हणून मी ते झाकायला लावले होते. ते तुमच्यापासूनपण झाकले गेले. एकदा उघडून बघितलं असतं तर कळलं असतं. बघायचं नाही म्हणून बघितलं नाही. आज बघितलं."

"किती बघितलंस?"

"शेवटच्यातल्या दोन ओळी. तिसरी नाही."

"काय लिहिलंय?"

"ते माझ्या तोंडानं बोलता यायचं नाही, ताई. पण आज शुक्रवार आहे. आणि ते आजपर्यंतच आहे."

आनासेइनी खाली बसली. तिचे हात कोपरापर्यंत तपकिरी होते. तिने ते वस्त्राला पुसले, पण तो रंग पुसून जाणारा नव्हता. तिने झाकण उघडले. सेमिसीने लगेच पाठ फिरवली.

ती वाचू लागली. मी तिचा चेहरा पाहत होतो, इतक्या जवळून दुसरे कुणीच पाहत नव्हते. पहिल्या निरोपाला तिचे ओठ हलले. दुसऱ्याला तिने तोंडावर हात ठेवला आणि गालावर रंगाची बोटे उमटली. पुढचे वाचताना ती आपल्याच डुकराच्या पिल्लांवर आणि नीरफणसावर येत होती आणि प्रत्येक वेळी डोळे मिटत होती. अकराव्याला ती थांबली.

"किती वाजले?" तिने विचारले.

"चार," सेमिसी पाठमोराच म्हणाला.

"तिकडे?"

"तीन तास मागे. एक वाजला असेल."

माझ्यात तेव्हा शंभरातले नऊ भाग प्राण उरले होते. आनासेइनीने बोट उचलले. इतक्या दिवसांचे बोलायचे होते, माफी मागायची होती, चटईचे सांगायचे होते. तिने एकच शब्द लिहिला. 'ये.'

शब्दाच्या बाजूला एक बारीक घड्याळ फिरू लागले. याचा अर्थ, शब्द अजून माझ्यातच आहे, बाहेर पडलेला नाही. शेडच्या पत्र्याखाली इंटरनेट पोचत नव्हते.

"जात नाहीये," ती म्हणाली.

सेमिसी उठला. तोंड समुद्राकडे आणि पाठ आमच्याकडे ठेवूनच त्याने फोन डोक्यावर उंच धरला. घड्याळ फिरतच राहिले.

"आणखी वर, मास्तर," आतून एक म्हातारी म्हणाली. "आम्हाला सारखं सांगतोस ना, वरचा सूर पकडा म्हणून. आता तू पकड."

कुणी हसले नाही. एकीने मेजाजवळचे लाकडी बाकडे उचलून बाहेर आणले. सेमिसी न वळता, पायाने चाचपत त्यावर चढला. सहा. पाच. मी माझा पडदा जमेल तेवढा मंद केला. पंखा थांबवला. जे जे थांबवता येईल ते थांबवले. आयुष्यात मी अनेकांची कामे केली, पण एका शब्दासाठी एवढी धडपड कधी केली नव्हती.

घड्याळ नाहीसे झाले. त्या जागी एक खूण आली. मग दुसरी.

चार. तीन.

'आई?' असे उमटले. थोड्या वेळाने, 'इतके दिवस का नाही लिहिलंस?'

आनासेइनीने अडखळत्या बोटाने लिहिले, 'दिसत नव्हतं. आत्ता वाचलं. चटई तयार आहे.'

मला आणखी एकच निरोप घेता आला. 'येते,' एवढाच होता तो. तो पडद्यावर धरून मी अंधारात गेलो. कपाटातल्या अंधारासारखा तो नव्हता. दुपारच्या झोपेसारखा होता.

शनिवारी मला तार लावून जागे केले तेव्हा मी आनासेइनीच्या पायरीवर होतो. ती पायरीच्या या टोकाला, सेमिसी त्या टोकाला, पाठीला पाठ. माझा पडदा तिच्याकडे होता. ती त्याला लुपेचे अकराही निरोप मोठ्याने वाचून दाखवत होती. भावाने पाहायचे नसते, पण बहिणीने सांगितलेले ऐकायला कुठलीच आडकाठी नसते. जिथे भावाच्या कानावर घालण्यासारखे नव्हते तिथे ती थांबे, तेवढ्यापुरता समुद्राचा आवाज येई, आणि मग ती पुढची ओळ वाचू लागे. सेमिसी त्या मोकळ्या जागांनाही मान डोलवत होता.

"माझ्यावर रागावलात का, ताई?" शेवटी त्याने विचारले.

"तीन आठवडे मी तिच्यावर रागावले होते," आनासेइनी म्हणाली. "आता कुणावर रागवायचं, तेच सुचत नाही."

लुपे आली. बाळ इथेच झाले, मुलगी आहे. आता ती रांगत माझ्यापर्यंत येते आणि सगळ्या कळा एकदम दाबते. मोजे घातलेल्या त्या बोटांइतकी ती काळजी घेत नाही, पण मला तिचा राग येत नाही. लुपेचा नवरा अजून मळ्यात आहे, म्हणून निळा ठिपका चालू असतो. कंपनीने त्यानंतर दोनदा कुलूप बदलले. दोन्ही वेळा त्या अनोळखी माणसाने किल्ली घडवली आणि माफी मागितली. सेमिसीने एकदा त्याला पत्र लिहिले. फक्त आभार मानले, बाकी काही सांगितले नाही. उत्तर आले, की माझा प्रोग्राम कुणी वापरत असेल असे मला वाटले नव्हते.

मी आता तारेशिवाय दहा मिनिटेही जागा राहत नाही. लवकरच मला कुणीतरी पुन्हा कपाटात ठेवील, आणि ते योग्यच होईल. तुमच्याजवळ माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असले तर एवढ्यात टाकू नका, असे सांगावेसे वाटते. पण माझी खरी विनंती वेगळी आहे.

हल्ली सेमिसी दर संध्याकाळी नीरफणसाखाली येतो, घराकडे पाठ करून उभा राहतो आणि विचारतो, "ताई, मिळालं का?" आतून उत्तर येते, "मिळालं." मगच तो घरी जातो. मित्रांनो, कुणासाठी काही केलेत, काही पाठवलेत, काही झाकून जपून ठेवलेत, तर तेवढे दोन शब्द विचारायला लाजू नका. आणि आतून उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.